डाव्या फऱ्यावरचा भोवरा

ती वही अजून माझ्याकडे आहे. पुठ्ठ्यावर सोनेरी इंग्रजी अक्षरांत बायॉलॉजी प्रॅक्टिकल जर्नल असं छापलेलं, खाली माझं नाव, तुकडी, हजेरी क्रमांक. आत एक पान रेघांचं, एक कोरं. रेघांच्या पानावर माहिती लिहायची, कोऱ्यावर आकृती काढायची. पहिल्या चार कोऱ्या पानांवर कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी, जास्वंदीचं उभं कापलेलं फूल असं काय काय आहे, बाईंच्या लाल सहीसकट. पाचव्या पानापासून पुढं मात्र सगळा मोठ्या काकांचा गोठा आहे. मी आता नांदेडला रक्त तपासायच्या एका लॅबमध्ये काम करते. रविवारी दुपारी जेवण झालं की चित्रं काढते आणि ती बहुतेक कुणाला दाखवत नाही. ज्यांना कळतं ते विचारतात, एवढा हात आहे तर शिकायला का गेली नाहीस, लग्नाच्या पत्रिकांची कामं का घेत नाहीस. मी हसून विषय बदलते. खरं उत्तर बरंच लांब आहे आणि त्यात एक लाल बैल येतो.

शाळा-कॉलेजं फोनमध्ये शिरली त्या वर्षी मी नुकतीच अकरावी संपवली होती. बाबांचं हिंगोलीत औषधांचं दुकान. दिवसभर खोकणारी माणसं समोर उभी. घरी आले की ते अंगणातच कपडे बदलायचे आणि माझ्याशी दारातूनच बोलायचे. एका सकाळी त्यांनी मला स्कूटरवर मागं बसवलं, मांडीवर दप्तर दिलं आणि मोठ्या काकांकडे आणून सोडलं. “पंधरा दिवसांचा प्रश्न आहे,” म्हणाले. पोळा झाला तरी मी तिथंच होते.

गाव आखाडा बाळापूरहून आत, डांबर संपल्यावर पुढं थोडं. घरात मोठे काका, काकू, सुनीतावहिनी आणि वहिनींचं दीड वर्षाचं लेकरू. विलासदादा, म्हणजे काकांचा मुलगा, पुण्यात कंपनीत होता आणि तिथंच अडकला होता. या घरात मी सुट्टीत आले होते, पण दोन-दोन दिवसांसाठी, पाहुणी म्हणून. पाहुणीला बोलावं लागत नाही. आता रोज बोलावं लागणार होतं आणि माझी पंचाईत अशी की मी बोलले की सगळे गालात हसायचे. घरी आम्ही मराठीच बोलायचो, पण शाळेत इंग्रजी, त्यामुळं माझी मराठी कुठल्याशा पुस्तकातून उतरवून घेतल्यासारखी नीटनेटकी होती. पहिल्याच दिवशी मी काकूंना म्हणाले, “मला थोडी भूक लागली आहे.” वहिनी चुलीपाशी होत्या. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “आई, ऐकलं का? ताई बातम्या सांगून राहिल्या.” त्यात टोचणारं काही नव्हतं. तरी मी त्यानंतर दोन दिवस मानेनंच हो-नाही केलं.

त्या घराला तेव्हा हळदीचा वास होता. शिजवून वाळवलेली हळद पॉलिशच्या ड्रममध्ये फिरायची तेव्हा लांबून रेल्वे जात असल्यासारखा आवाज सकाळभर यायचा आणि दुपारी तो थांबला की कान रिकामे झाल्यासारखं वाटायचं. पिवळी धूळ सगळीकडे. दाराच्या कडीवर, लेकराच्या भुवयांवर, पाण्याच्या माठावर. काकूंच्या भाकरीलाही कडेला बोटांचे पिवळे ठसे असायचे. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी, कधी सकाळी मुरमुऱ्यांचा सुशीला. तिखटानं माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि काकू न बोलता ताटात गुळाचा खडा टाकायच्या. एकदा मी ओलं बोट उंबऱ्यावरच्या हळदीत बुडवून वहीत फिरवलं. काय रंग उमटला! मी तसे कितीतरी उन्हाचे तुकडे रंगवले त्या पानांवर. आता बघितलं तर तिथं काहीच नाही. हळदीचा रंग उन्हात उडतो हे मला माहीत नव्हतं आणि मी वही खिडकीत ठेवायचे.

वही बाहेर निघाली ती अभ्यासाच्या निमित्तानं. फोनला रेंज फक्त गोठ्याच्या दारात यायची. तास ऐकायला म्हणून मी तिथं पालथ्या टोपल्यावर बसायचे, तास अर्ध्यात तुटायचा आणि समोर हरण्या, काकांचा बैल, असायचा. शाळेत चित्रकलेच्या तासाला आम्ही वर्षानुवर्षं दोन डोंगर, मधून सूर्य आणि एक झोपडी काढली. मला ते कधी आवडलं नाही. मला आवडायच्या त्या बायॉलॉजीच्या आकृत्या, कारण तिथं बाईंचा एकच नियम होता, की जे ठाऊक आहे ते काढू नका, जे दिसतंय ते काढा. आणि काढून झालं की प्रत्येक भागाकडे एक आडवी रेघ ओढून नाव लिहा. बुजऱ्या माणसाला हा नियम फार सोयीचा आहे. एखाद्याकडे नुसतं टक लावून बघितलं तर तो विचारतो, काय गं? हातात पेन्सिल असली की बघत बसायला परवाना मिळतो. पण काकूंचे हात थांबायचे नाहीत, कोंबड्या थांबायच्या नाहीत, लेकरू तर झोपेतही लोळायचं. थांबायचा तो हरण्या. रवंथ करताना त्याचा खालचा जबडा एका बाजूनं सरकून दुसऱ्या बाजूनं परत यायचा, मग घास गळ्यातून खाली उतरायचा, थोडा वेळ सगळं बंद, आणि मग तळातून नवा घास वर येताना कातडीखालून स्पष्ट दिसायचा. हे सगळं कुणी मला आधी सांगितलं नव्हतं. मी एका पानावर तो घास सहा ठिकाणी काढला आहे.

हरण्या लाल कंधारी जातीचा, विटेसारखा लाल, आखूड शिंगांचा. त्याचा जोडीदार आदल्या थंडीत गेला होता. काकांचा एक गुडघा निकामी व्हायला आला होता. ते काठी टेकत गोठ्यात यायचे आणि काठी दाराबाहेर ठेवूनच आत शिरायचे, बैलाला काठी दिसू नये म्हणून. मी त्यांना एकेका भागाचं नाव विचारायचे. काका मितभाषी, पण बैलाचं विचारलं की खुलायचे. “ही पोळी. गळ्याखाली लोंबती ती. हे वशिंड. हा फरा, म्हंजे खांद्याचं पान. हा पुठ्ठा, मागच्या पायावरचा. आन् हा शेपटाचा गोंडा.” मी नीट रेघा ओढून नावं लिहायचे. ते वाकून बघायचे आणि म्हणायचे, “बराबर.”

एक दिवस मी सकाळी लवकर गेले. ऊन दारातून तिरकं येत होतं आणि हरण्याच्या डाव्या फऱ्यावर, मधोमध, मला काहीतरी वेगळं दिसलं. तिथले केस एका बिंदूभोवती गोल फिरले होते, नदीत पाणी फिरतं तसे. लालात लाल, त्यामुळं दुपारी दिसायचं नाही. मला इतका आनंद झाला. एक-एक केसाची दिशा धरत मी तो काढला, सकाळ त्यातच गेली. काका आले तेव्हा मी विचारलं, “काका, याला काय म्हणतात?”

काकांनी चित्राकडे बघितलं. “ते काई न्हाई. केस हायेत.”

“पण गोल आहेत.”

“बसून-बसून झाले असतील,” म्हणाले आणि तळहात ओला करून त्यांनी ती जागा सपाट केली. पुढं नावं सांगायला ते थांबले नाहीत. नाव मिळालं नाही म्हणून मी त्या रेघेच्या टोकाशी एक प्रश्नचिन्ह काढलं. बाईंनी तसंच शिकवलं होतं, ठाऊक नसेल तर रिकामं सोडू नका.

ज्येष्ठ लागला तसं हरण्याला विकायचं ठरलं. एकटा बैल, त्यात तो गुडघा. पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरनं होणार होती. काकांची अट एकच, दलालाच्या हाती द्यायचा नाही, शेती वाहणाऱ्या घरी द्यायचा. दलालाकडे गेलेला बैल पुढं कुठं जातो हे विचारायची सोय नसते. बाळापूरचा बाजार बंद होता, म्हणून वहिनींनी फोटो काढून पाहुण्यारावळ्यांत पाठवले आणि पुसेगावहून एकांचा फोन आला. किसनराव. घरची शेती, एका बैलाला जोड हवी. फोटोवरूनच त्यांना हरण्या पसंत होता, फक्त हात लावून बघायचं राहिलं होतं. काकांनी त्या दिवशी दोनदा चहा घेतला. घर चांगलं आहे, म्हणाले, माझ्या ओळखीत आहे.

आणि मग वहिनींनी ते केलं. मी आंघोळीला गेले असताना वही खाटेवर उघडी पडली होती. त्यांना हरण्या दिसला, हुबेहूब, आणि त्यांना इतकं कौतुक वाटलं की त्यांनी त्याचा फोटो काढून स्टेटसला टाकला. वर लिहिलं, आमच्या घरची कलाकार, आणि दोन बदाम. मला संध्याकाळी कळलं. कपाटात कोंडलेले कपडे कुणी अंगणात वाळत घातल्यासारखं झालं. वहिनी म्हणाल्या, “अवं ताई, चाळीस जणांनी पाहिलं!” मला ते चाळीस जण मोजून अंगावर आल्यासारखे वाटले.

किसनराव दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर आले, तोंडाला रुमाल, बरोबर एक म्हातारे गृहस्थ. राम राम झालं, पाणी झालं. हरण्याला अंगणात बांधलं होतं, उजवी बाजू पुढं करून. एरवी गिऱ्हाईक आधी दात बघतं, मग खूर, मग चालवून. किसनरावांनी यातलं काही केलं नाही. ते सरळ वळसा घालून डाव्या बाजूला गेले, फऱ्यावर हात ठेवला आणि बोटांनी उलटे केस विंचरले. म्हाताऱ्यांना म्हणाले, “हाय की.”

“काय हाय?” काकूंनी दारातून विचारलं.

“भोवरा, वैनी. फऱ्यावरचा. असला बैल मालकाला लाभत न्हाई, तुमाला ठाऊक न्हाई व्हय?”

काका म्हणाले, “आज आलात ते सरळ तिथंच हात घातला. कोण बोललं?”

“कोण बोलंल? तुमच्याच घरानं सांगितलं.” त्यांनी फोन पुढं केला. त्यावर माझा हरण्या होता. वशिंड, पोळी, पुठ्ठा, सगळं नावासकट, आणि भोवऱ्यापासून निघालेली ती लांब रेघ आणि तिच्या टोकाला माझं भलंमोठं प्रश्नचिन्ह. “एवढं बाण मारून दाखवल्यावर आंधळ्याला बी दिसंल, भाऊ,” म्हातारे म्हणाले. त्यांना हसू आलं होतं, पण काकांचा चेहरा बघून ते खोकले. चहा न घेता ते गेले.

मी हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकलं. पुढं बरीच वर्षं मी या गोष्टीचा विचार केला आहे. गावातल्या कुणालाही चित्र काढता येत असतं तरी त्यानं तो भोवरा काढला नसता. हात आपोआप तिथून पुढं सरकला असता. मी काढला, कारण मला त्याचा अर्थ माहीत नव्हता. मला तो फक्त सुंदर दिसला होता. आजही चित्र कुणाला दाखवताना मी म्हणूनच अडखळते.

काकू अंगणात उभ्या होत्या. त्या काकांना म्हणाल्या, “तुमाला ठाऊक व्हतं.”

काका हरण्याला गोठ्याकडे वळवायला लागले.

“नऊ वर्सं. पोळ्याला पयला गेरूचा हात तिथंच काहून मारायचे ते आज कळलं मला. खांदे मळायला बी कुणाला जवळ येऊ देत नव्हते.” मग त्यांचा आवाज चढत गेला. “म्हणूनच गुडघा गेला. म्हणूनच जोडीचा गेला. म्हणूनच पोरगं तिकडं अडकून पडलं. सोमवारी दलालाला बोलवा आन् काढा त्याला दारातून. मला तो उद्या बी नको.” माझ्या खिडकीकडे वळून म्हणाल्या, “आन् तू काहून काढलं गं पोरी ते? एवढा मोठा बैल पडला व्हता की काढायला!”

मी माळवदावर गेले, जिथं हळद वाळत घातलेली असायची, आणि वही उघडून ते पान फाडायला धरलं. फाडलं नाही. धीर नव्हता म्हणून नव्हे. तो भोवरा मला अजूनही चांगला जमलाय असं वाटत होतं आणि तसं वाटल्याची लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका गोठ्यात बसले होते. मला हाक मारली, “मनू, ती वही आण.” मला वाटलं आता ही वही चुलीत जाणार. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. कांद्याच्या पेशींकडेही नीट बघितलं. मग हरण्या. मग भाकरी थापणाऱ्या काकूंचे अर्धवट हात. मग स्वतः काका, खाटेवर झोपलेले, तोंड उघडं. त्यांनी त्या पानावर जरा जास्त वेळ घेतला आणि म्हणाले, “दात पडलाय तो बी काढला व्हय.” पुढचं पान उलटलं. “हे चुकलं. बैल निवांत उभा ऱ्हायला की मागचा एक पाय ढिला सोडतो. चारी पायांवर वजन देत न्हाई. हे बघ.” हरण्यानं खरंच एक मागचा पाय ढिला सोडला होता. दोन महिने मी त्याच्यासमोर बसले होते आणि मला ते दिसलं नव्हतं.

मग त्यांचं बोट मानेपाशी थांबलं. जिथं जू बसतं तिथं कातडी जाड झाली होती, मी ती बारीक रेघांनी काढली होती. त्यालाही नाव नव्हतं. “हा घट्टा,” काका म्हणाले. “हा माझ्यापाई आलेला. हा कुणाला खुपत न्हाई बघ. त्यो भोवरा तेवढा खुपतो.” नंतर हळूहळू त्यांनी सांगितलं. बाजारात हरण्या दोन दाती खोंड होता, सकाळपासून उभा, जो येईल तो केस उलटे करून बघायचा आणि पुढं जायचा. काका शेवटी गेले तेव्हा त्यानं त्यांच्या कानाचा वास घेतला. बस एवढंच. घरी आणण्याआधी त्यांनी विहिरीवर त्याला धुतलं, भोवरा ओल्या हातानं बसवला आणि कुणाला बोलले नाहीत. “ईचारलं असतं तर सांगितलं असतं,” म्हणाले. थोड्या वेळानं परत म्हणाले, “न्हाई. नसतं सांगितलं.”

मी तोपर्यंत त्या घरात स्वतःहून एक सबंध वाक्य क्वचितच बोलले होते. त्या दिवशी बोलले, कारण सोमवार तीन दिवसांवर होता आणि बाण मीच मारला होता. मी म्हणाले, “काका, आपण पुन्हा टाकू. प्रश्नचिन्ह खोडून भोवरा असंच लिहू. ज्यांना चालतो ते येतील.”

“कोण येईल?”

“ते मला माहीत नाही. पण जे येतील ते तिथं हात घालायला येणार नाहीत.”

काकांनी वही माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, “ल्ही.” मी खोडरबरानं प्रश्नचिन्ह पुसलं. त्याचा वळसा अजून कागदावर दबलेला दिसतो. तिथं नीट अक्षरात भोवरा लिहिलं, घट्टाही लिहिला आणि मागचा एक पाय ढिला करून घेतला. वहिनींनी फोटो काढला. आदल्या दिवसापासून त्यांनी रडून डोळे लाल केले होते. त्यांनी मला विचारलं, “ताई, टाकू ना? बरं म्हणा आधी.” मी बरं म्हणाले. काकूंना सांगितलं नाही. त्या आमच्याशी बोलतच नव्हत्या, ताटं मात्र वेळेवर वाढत होत्या.

शनिवारी काही फोन आले. दोघांनी चित्राची चेष्टा केली, एकानं भोवऱ्याच्या नावाखाली अर्ध्यात मागितला. रविवारी दुपारी एक टेम्पो दारात थांबला. औंढ्याच्या बाजूच्या एका गावातले मिलिंदराव आणि त्यांच्या पत्नी संगीताबाई. मिलिंदरावांनी “जयभीम” केला. काका क्षणभर थबकले आणि “राम राम, या” म्हणाले. या घरात या लोकांना अंगणात बाज टाकली जाते की ओसरीवर बसवलं जातं हे मला माहीत नव्हतं, आणि वहिनींना बहुधा माहीत होतं, कारण त्यांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी फडताळातून निळ्या फुलांचे कप काढले, जे बाबा आले की निघायचे, आणि ओसरीवर सतरंजी टाकली. मी ते बघून ठेवलं. माझ्या वहीत त्या कपाचंही एक चित्र आहे.

संगीताबाई मात्र बसल्याच नाहीत. त्या सरळ हरण्यापाशी गेल्या, दात बघितले, खूर उचलून बघितला, दावं सोडून त्याला अंगणात दोन फेऱ्या मारून आणलं. नवऱ्यापेक्षा त्यांनाच जास्त कळत होतं हे उघड होतं. काका काठी बाहेरच टाकून लंगडत पुढं झाले. त्यांनी संगीताबाईंचा हात धरला नाही, पण स्वतःचा हात फऱ्यावर ठेवून म्हणाले, “बाई, आधी हे बघून घ्या. हितं भोवरा हाय. मागाहून म्हणाल सांगितलं न्हाई.”

“चित्रात पाहिला की,” मिलिंदराव म्हणाले. “आमी असलं काई मानत न्हाई. बैलाला वोढता येतं का ते सांगा.”

संगीताबाईंनी तरीही वाकून भोवरा बघितला, बोट फिरवलं. “छान हाय की, गोलच्या गोल. माझ्या डोक्यात बी दोन भोवरे हायेत. आई म्हणायची, हिला दोन नवरे व्हतील. आता आमच्याकडं पाहा, एकच घावला आन् त्योच जड होऊन राहिला.”

मिलिंदराव म्हणाले, “ऐका. टेम्पोत बसल्यापासून हेच ऐकून राहिलो.”

आणि दारातून एक आवाज आला. तीन दिवसांनी आलेला. काकू हसत होत्या. त्यांना ते थांबवायचं होतं, पदर तोंडात कोंबला होता, पण खांदे हलत होते. “माझ्या धाकट्या भावाला बी दोन हायेत,” त्या शेवटी म्हणाल्या, “त्याला तर अजून एक बी बायको घावली न्हाई.”

व्यवहार चहाच्या आत झाला. हरण्या फळीवरून टेम्पोत चढला, आत जाऊन उभा राहिला आणि मागचा एक पाय त्यानं ढिला सोडला. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, दिसलं म्हणून. टेम्पो निघताना काका मिलिंदरावांना हळूच “जयभीम” म्हणाले, इतकं हळू की इंजिनच्या आवाजात मलाच ऐकू आलं असेल.

काकूंचं मन पुरतं फिरलं असं मी म्हणणार नाही. दादा पुण्याहून सुखरूप आला तेव्हा त्यांनी मारुतीला नारळ फोडला आणि गोठ्याच्या रिकाम्या दावणीकडे एकदा बघितलं. त्यांच्या मनात त्याची काय सांगड होती, मी विचारलं नाही. काही गोष्टी मी अजूनही न विचारता नुसत्या बघते.

पोळ्याच्या दिवशी घर फार शांत होतं. गावात ढोल नव्हते, मिरवणूक नव्हती, ज्याचे बैल त्याच्या दारात. काकूंनी पुरण घातलं, पण मातीच्या बैलांना नैवेद्य दाखवायचा म्हणजे कसंतरीच. काका सवयीनं गेरू कालवून बसले होते, वाटी समोर, हात कोरडा. दुपारी वहिनींचा फोन वाजला. संगीताबाईंनी फोटो पाठवला होता. हरण्या, शिंगं निळी, गळ्यात कवड्या. आणि डाव्या फऱ्यावर, भोवऱ्याच्या भोवती, कुणीतरी पांढऱ्या रंगाच्या पाकळ्या काढल्या होत्या. भोवरा बरोबर फुलाच्या मधोमध. खाली लिहिलं होतं, आमी पूजा करत न्हाई पण सजवलाय, मामांना दाखवा. मामा म्हणजे आमचे काका.

काकूंनी फोन हातात घेतला. “बघा बाई,” म्हणाल्या, “त्यावरच फूल काढलं.” आणि तो काकांकडे दिला. काकांनी फोन लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. मग गेरूच्या वाटीवर झाकण ठेवलं, धोतर सावरलं आणि दादाला मोटारसायकल काढायला सांगितली.

“मी पण येऊ?” मी विचारलं.

“तुझ्याबिगर काहून जाईन? वही घे.”

तिघं एका गाडीवर, तोंडाला रुमाल बांधून, आम्ही गेलो. हरण्यानं काकांना लांबूनच ओळखलं, कान पुढं आले. संगीताबाई पुरणपोळी आणायला आत गेल्या. काका गोठ्यात शिरले, काठी दाराबाहेर ठेवून, आणि त्यांचा तळहात आपोआप जिथं जायचा तिथं गेला. कोरडा हात, रंग नाही, झाकायला नाही, नुसता टेकलेला. बोटांच्या मधून पांढऱ्या पाकळ्या दिसत होत्या. मी दारात टेकून बसले आणि पेन्सिल काढली. काकांना वाटलं त्यांचा हात चित्राच्या आड येतोय. ते तो उचलायला लागले.

“काका, हात हलवू नका,” मी म्हणाले. मोठ्यानं, माझ्या त्याच नीटनेटक्या मराठीत. दादानं वळून माझ्याकडे बघितलं. त्या घरातल्या मोठ्या माणसाला मी पहिल्यांदाच काही करायला सांगत होते.

चित्र व्हायला बराच वेळ लागला. पुरणपोळ्या गार झाल्या, संगीताबाई दोनदा दारापर्यंत येऊन परत गेल्या. गुडघा दुखत असणारच, कारण शेवटी शेवटी काकांनी आपलंही एका पायावरचं वजन सोडलं होतं. पण त्यांनी हात हलवला नाही.